‘एम’ मागवू की ‘एल’?

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं. नावांऐवजी फ्लॅटचे नंबर.)

बी-४०२ : ऑनलाइन शर्ट घ्यायचाय. साइज चार्टमध्ये एमची छाती १०० सेंमी लिहिली आहे, आणि खाली दुसऱ्या तक्त्यात त्याच एमची ११२. यातलं खरं कुठलं? शंभर टक्के सुती आहे, ताणत नाही.

ए-१०३ : दोन्ही खरं. पहिला तक्ता अंगाचा, दुसरा कपड्याचा. मधले १२ सेंमी म्हणजे सैलपणा. न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टात ८-१० सेंमी सैलपणा असला तर शर्ट अंगाबरोबर बसतो, १२-१५ असला तर नेहमीसारखा, २० च्या पुढे ढगळ. एकच तक्ता दिला असेल तर रकाने बघा. खांदा, बाही, उंची असे रकाने असतील तर तो कपड्याचा. आणि छाती ५६ वगैरे दिसली तर घाबरू नका, ते सपाट ठेवून मोजलेलं अर्धं माप असतं. दुप्पट करा.

सी-२०१ : पण एम म्हणजे सगळीकडे एमच ना?

ए-१०३ : अजिबात नाही. अमेरिकेत १९५८ साली बायकांच्या तयार कपड्यांसाठी एक मानक काढलं होतं, सीएस २१५-५८. ते १९८३ मध्ये मागे घेतलं. आयएसओ ८५५९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण त्यात अंगाचं माप कुठे नि कसं घ्यायचं ते आहे. त्या मापाला एम म्हणायचं की एल, हे ज्याचा-तो ब्रँड ठरवतो. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून ३४ इंची पँटवर ३२ छापणं तर सर्रास चालतं. अक्षर विसरा, सेंटीमीटर बघा.

डी-५०४ : आणि अंगही मोजू नका. अंगावर टेप कोणी घट्ट ओढतं, कोणी पोट आत घेतं. कपाटातला सर्वांत चांगला बसणारा शर्ट मोजा, खरी ट्रायल रूम तीच. धुतलेला हवा, कारण त्याचं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. बटणं लावून टेबलावर किंवा फरशीवर पसरा. गादीवर नको, ती दबते आणि माप चुकतं.

छाती : काखेत शिवणी जिथे मिळतात तिथून २.५ सेंमी खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दुप्पट करा.
खांदा : पाठीकडून, एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंत.
उंची : मागे कॉलर जिथे जोडली आहे तिथून मधोमध खालपर्यंत.
बाही : खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत. काही तक्त्यांत ती मानेच्या मध्यापासून मोजतात. पूर्ण बाहीचा आकडा ८० च्या वर दिसला तर तेच समजा.

टेप कापडी आणि जुना असेल तर एकदा स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या. वर्षानुवर्षं ओढून तो लांबतो.

बी-४०२ : काकू, आकडे काढीन, पण २ सेंमीने नक्की काय फरक पडतो ते डोळ्यांसमोर येत नाही.

डी-५०४ : मग फरशीवर कागदी चिकटपट्टी लावा. तक्त्यातल्या मापाप्रमाणे खांदा वरती आडवा, अर्धी छाती त्याच्या २५ सेंमी खाली आडवी, उंचीच्या टोकाला तिसरी पट्टी. त्यावर आपला शर्ट पसरा. शर्ट पट्टीच्या किती आत किंवा बाहेर जातो ते लगेच दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, परतीच्या पार्सलपेक्षा कितीतरी हलकं.

सी-२०१ : जीन्ससाठीही हेच?

डी-५०४ : हो, पण कमरेची पट्टी नीट धरा. जीन्सचा पट्टा पुढे खाली उतरलेला असतो आणि मागे चढलेला. तशीच पसरून सरळ रेषेत मोजलं तर आकडा कमी-जास्त येतो. पुढची आणि मागची कड एकमेकींवर जुळवा, बटण लावा, मग मोजून दुप्पट करा. मांडी जांघेच्या शिवणीखाली २.५ सेंमीवर. मोहरी, म्हणजे पायाच्या टोकाची रुंदी, अगदी खाली. आणि आसन विसरू नका, म्हणजे जांघेच्या शिवणीपासून पुढे पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत. कंबर जुळूनही पँट ‘कुठेतरी विचित्र’ वाटते, ती बहुतेक वेळा आसनामुळेच.

ए-१०३ : ताणणाऱ्या जीन्सला मांडी अंगापेक्षा थोडी कमी असली तरी चालते. तसंच एकाच मॉडेलच्या काळ्या आणि निळ्या जीन्समध्ये फरक निघतो, कारण प्रत्येक रंगाला धुण्याची प्रक्रिया वेगळी आणि आकसणंही वेगळं. शिवाय कारखान्यात १-१.५ सेंमी इकडेतिकडे चालवून घेतात. कापडाचे अनेक थर एकावर एक रचून एकदम कापले जातात, खालच्या थरात थोडी सरक होतेच. ‘हीच साइज आहे माझ्याकडे’ म्हणून दुसऱ्या रंगाची डोळे झाकून मागवू नये.

ए-३०१ : टी-शर्ट पारदर्शक निघतो तो कसा ओळखायचा?

ए-१०३ : वर्णनात जीएसएम असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १४०-१६० पातळ, १८०-२०० मध्यम, २२० च्या पुढे जाड. पांढरा १६० च्या खाली असेल तर आतलं दिसणार असं धरून चाला. जीएसएम दिलंच नसेल तर फोटो मोठा करून शिवणीपाशी बघा, दुमडलेली पट्टी बाहेरून सावलीसारखी दिसते. मॉडेलचा फोटो मात्र फिटिंगसाठी कामाचा नाही, पाठीमागे चिमटे लावलेले असू शकतात.

सी-१०२ : आता ते ॲपमध्ये आपला फोटो टाकून कपडा घालून बघता येतो ना? मग टेप कशाला?

ए-१०३ : गूगलने २०२३ मध्ये वेगवेगळ्या मापांच्या मॉडेल्सवर कपडा दाखवायला सुरुवात केली, २०२५ मध्ये स्वतःचा फोटो टाकायची सोय आणली. छान आहे, पण ते चित्र आहे. तुमच्या छातीचा घेर किती, त्या कापडाला ताण किती, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. एक साइज लहान मागितला तरी चित्रात तो गुळगुळीतच बसतो. रंग खुलतो का, गळा शोभतो का, उंची साधारण कुठे येते, एवढंच बघा त्यात. फोटो अंगालगतच्या कपड्यांत, पूर्ण उंचीचा, हात बाजूला, केस खांद्यामागे असा द्या. ढगळ कपड्यांतल्या फोटोवर सगळंच ढगळ येतं.

सी-१०२ : आणि आधी घरी घालून बघा, मग पैसे द्या, ही योजना?

ए-१०३ : अमेझॉनची अमेरिकेत होती, ‘प्राइम वॉर्डरोब’, नंतर नाव ‘ट्राय बिफोर यू बाय’. सात दिवस घरी ठेवायचं, ठेवून घेतलेल्याचेच पैसे. ३१ जानेवारी २०२५ ला बंद केली. जिथे अशी सोय आहे तिथे मुदत कधीपासून मोजतात ते आधी वाचा, पार्सल हातात पडल्यापासून की पाठवल्यापासून.

डी-५०४ : आता पार्सल आल्यावरचं. पिशवी मधोमध कापू नका, आतल्या कपड्याला कात्री लागते. कडेने कापा, आणि उघडताना मोबाइलवर एका सलग दमात व्हिडिओ काढा. हात धुऊन, अंगावर परफ्यूम-डिओ नसताना घाला. गडद कपड्याच्या काखेत पांढरा डाग पडला की परत जात नाही. चेहऱ्यावर काही लावलं असेल तर डोक्यावरून पातळ ओढणी टाकून मग कपडा उतरवा. टॅग तसाच राहू द्या. आतून तेच कपडे घाला जे नंतर घालणार आहात, नाहीतर फिटिंग खोटं.

मग आरशासमोर नुसते उभे राहू नका, हला. दोन्ही हात वर करा. कड थोडी वर जाणारच, पण अख्खा शर्ट पोटावरून वर ओढला जात असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, फार खोल आहे. हात पुढे घेऊन स्वतःला मिठी मारा, पाठीत आवळलं तर पाठ अरुंद. बटणापाशी फुलीसारख्या सुरकुत्या म्हणजे तिथे घट्ट. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर हवी. पँट घालून खुर्चीत बसा. मागे पट्ट्यात दोन बोटं सहज जाऊ देत, मूठ जाऊ नये. जांघेपासून आडव्या रेघा फुटल्या तर मांडी कमी पडते.

ए-३०१ : मग टेलरकडे देऊन नीट होत नाही का?

डी-५०४ : काही होतं, काही नाही. उंची कमी करणं, बाही आखूड करणं, कडेने आत घेणं सोपं. कंबर २-४ सेंमी आत घेता येते. सैल करायचं असेल तर कपडा उलटा करून शिवणीत माया, म्हणजे टिपेबाहेरचं जास्तीचं कापड, किती सोडली आहे ते बघा. तयार कपड्यात बहुतेक १ सेंमी आणि त्यावर ओव्हरलॉकची कडशिलाई, म्हणजे सोडायला काहीच नाही. खांदा, मुंढा, आसन यांना हात लावायला जाऊ नये. तिथे चूक असेल तर थेट परत.

सी-२०१ : दोन साइज मागवून एक परत पाठवलं तर?

ए-३०१ : चालतं, पण एका वेळी एकच पिशवी उघडा. एम एलच्या पिशवीत गेला की परतीच्या स्कॅनमध्ये जुळत नाही आणि पैसे अडकतात.

ए-१०३ : आणि परतीसाठी पैसे कापतात का, तेही बघा. वारंवार परत करणाऱ्यांची नोंद ठेवणारी दुकानं आहेत.

बी-४०२ : मोजला. छाती ५५, दुप्पट ११०. खांदा ४६.५, उंची ७३. तक्त्यात एम : छाती ११२, खांदा ४६, उंची ७४. एल : ११८, ४७.५, ७६. एमच ना?

डी-५०४ : कापड आधी आटवलेलं आहे का?

बी-४०२ : तसं काही लिहिलेलं नाही.

डी-५०४ : मग उभ्या धाग्यात ४ टक्के आणि आडव्यात २ टक्के आटेल असं धरा. एमची उंची ७१ वर येईल, खांदा ४५. दोन्हीकडे तुम्हाला कमी. एलची उंची ७३, खांदा ४६.५, म्हणजे तुमच्या शर्टाइतकंच. छाती ११५.५ होईल, साडेपाच जास्त. दोन्ही कडांना एकेक सेंमी आत टीप मारली की पुढचे-मागचे मिळून चार जातात. एल घ्या, दोन वेळा धुऊन मग टीप मारा. धुतलेला परत घेणार नाहीत, तेव्हा आधी खांदा घालून बघा आणि टॅग तोवर काढू नका.

बी-४०२ : एल मागवला, काकू.