मे-जूनमध्ये नायगारा: पाणी असतं का? आणि आईबाबांना नक्की कधी न्यावं?

एडिसनकर_स्नेहा

नमस्कार मंडळी, आईबाबा पहिल्यांदाच अमेरिकेत येतायत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतील आणि ऑगस्टपर्यंत आहेत. नायगारा तर करायचाच आहे कारण सोसायटीतल्या सगळ्या काकवांचे रेनकोट घातलेले फोटो येऊन गेलेत आणि आता फक्त आपणच राहिलोय असं आईचं म्हणणं. पण परवा बाबांनी फोनवर विचारलं, "मे महिन्यात धबधब्याला पाणी असतं का गं?" मी आधी हसले आणि मग म्हटलं खरंच की, त्यांचं सगळं आयुष्य साताऱ्यात गेलं, ठोसेघरला मे महिन्यात गेलं तर नुसता कातळ बघून परत यावं लागतं, त्यामुळे त्यांच्या डोक्यात धबधबा म्हणजे जुलै-ऑगस्ट. उलट ऑफिसमधला एक जण म्हणतो की मेमध्येच जा, बर्फ वितळून पाणी डबल असतं, जूनच्या शेवटी कमी होतं. खरं काय?

आता माझे प्रश्न: नवऱ्याला मेमोरियल डेचा लाँग वीकेंड मिळतोय, तेव्हा जावं की जूनमध्ये सुट्टी काढून जावं? आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार नको. दोघांकडे फक्त अमेरिकेचा व्हिसा आहे, कॅनडाचा नाही, तर अमेरिकेच्या बाजूने बघण्यात काही अर्थ आहे का? आणि थंडी किती असते, स्वेटर लागतील का? सगळं एकदमच विचारतेय, सॉरी.

जेनेसीकाठचा

बाबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि ऑफिसवाल्याचं उत्तर चूक. नायगाऱ्याच्या पाण्याचा तिथल्या पावसाशी किंवा बर्फाशी तसा थेट संबंधच येत नाही, कारण ती नदी डोंगरातून येत नाही, ती लेक एरीतून लेक ऑन्टॅरिओत जाते, आणि एरीच्या मागे सुपिरियर, मिशिगन, ह्युरॉन अशी तीन अजस्र तळी भरलेली आहेत. एवढा साठा पाठीशी असल्यावर एका सीझनचा बर्फ वितळला काय आणि नाही वितळला काय, धबधब्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला फरक कळत नाही.

आणि त्याहून मजा म्हणजे किती पाणी कड्यावरून पडू द्यायचं हे चक्क करारात लिहिलंय. १९५० साली अमेरिका आणि कॅनडाचा करार झाला, त्यानुसार १ एप्रिल ते १५ सप्टेंबर रोज सकाळी ८ ते रात्री १० सेकंदाला निदान १ लाख घनफूट पाणी धबधब्यावरून गेलंच पाहिजे, म्हणजे साधारण २८ लाख लिटर, दर सेकंदाला. रात्री १० नंतर ते अर्ध्यावर आणता येतं, आणि हिवाळ्यात दिवसभर अर्धंच. उरलेलं पाणी बोगद्यांतून दोन्ही देशांच्या वीजकेंद्रांना जातं. नदीत सरासरी २ लाख घनफुटांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे टूरिस्ट बघत असताना सुद्धा जवळजवळ निम्मी नदी टर्बाइनवर फिरत असते! घोड्याच्या नालेच्या आकाराचा जो मोठा धबधबा, म्हणजे हॉर्सशू, त्याच्या वरच्या अंगाला नदीत दरवाजे असलेला एक बांध दिसतो, तिथून हे सगळं वाटप चालतं. १९६९ मध्ये तर त्यांनी मातीचा बंधारा घालून शेजारचा दुसरा धबधबा, अमेरिकन फॉल्स, काही महिने पूर्ण कोरडा ठेवला होता, खालच्या दगडांचा अभ्यास करायला.

तेव्हा पाण्यासाठी तारीख निवडू नका, मे आणि जूनमध्ये दिवसा पाहिलं तर सारखंच. तारीख निवडायची ती दुसऱ्या कारणांनी: धबधब्याच्या पायथ्याशी नेणारी बोट चालू आहे का, खालचे लाकडी पूल बांधून झालेत का, आणि गर्दी.

लाकडी पुलांचं असं की केव्ह ऑफ द विंड्स म्हणून जे आहे, जिथे लिफ्टने खाली उतरून ब्रायडल व्हेल नावाच्या छोट्या धबधब्याच्या अगदी पायथ्याशी जातात, तिथले पूल दर वर्षी हिवाळ्याआधी काढतात, नाहीतर बर्फ मोडून टाकतो, आणि वसंतात पुन्हा नव्याने बांधतात. काम साधारण मेच्या मध्यापासून शेवटापर्यंत पूर्ण होतं. त्याआधी गेलात तर तिकीट मिळतं पण सगळ्यात वरचा डेक बंद असू शकतो. म्हणून मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घाईने नेऊ नका.

बर्फ वितळून फुगलेलं पाणी बघायचीच हौस असेल तर मात्र वाटेवरचं लेचवर्थ पार्क किंवा इथाकाजवळचा टॉघॅनॉक धबधबा बघा, तिथे खरंच मे आणि ऑगस्टमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. टॉघॅनॉक २१५ फूट आहे, नायगाऱ्यापेक्षा उंच, पण उन्हाळा सरत आला की बारीक धार उरते. हा बघून बाबा म्हणतील हे आपल्यासारखं आहे.

मिसिसागाकर

वरचं सगळं मान्य, पण मूळ मुद्दा राहिलाच. अमेरिकेच्या बाजूने नायगारा बघणं म्हणजे विंगेत उभं राहून नाटक बघणं. दोन्ही धबधबे समोरून दिसतात ते फक्त आमच्याकडून, म्हणजे कॅनडातून. रात्रीचे रंगीत दिवे आमच्याच बाजूने सोडतात, उन्हाळ्यात फटाके आमच्याकडे, आणि दुपारनंतर सूर्य पाठीशी असला की समोर अख्खं इंद्रधनुष्य. शक्य असेल तर कॅनडाचा व्हिसा काढाच, आईबाबा ऑगस्टपर्यंत आहेत म्हणताय, आत्ता अर्ज टाकला तर जुलैत या. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा लागतोच, त्याला पर्याय नाही (तुमचं ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला नाही लागणार, एच-वन वर्क व्हिसा असेल तर लागेल). बायोमेट्रिक्स वगैरे भानगडी आहेत, वेळ लागतो.

आणि हो, मेमध्ये आमच्याकडेही एक लाँग वीकेंड असतो, व्हिक्टोरिया डे, २५ मेच्या आधीचा सोमवार. तुमचा मेमोरियल डे मेचा शेवटचा सोमवार. दर वर्षी लागोपाठच्या दोन वीकेंडना दोन देश रस्त्यावर उतरतात. मी इथे राहून त्या दिवसांत तिकडे फिरकत नाही, तुम्ही सात तास गाडी हाकून कशाला येताय?

कोथरूडची_आजी

स्नेहा, मी तुझ्या आईच्या बाजूने लिहिते कारण मी स्वतः पाहुणी म्हणून मेच्या शेवटी जाऊन आले आहे, मुलं जे सांगतात ते त्यांच्या गुडघ्यांवरून सांगतात.

पहिलं म्हणजे आल्या आल्या नको. जेट लॅग, त्यात सात तास गाडी, मग माणूस धबधबा बघतो पण डोळे मिटलेले. दोन-तीन आठवडे जाऊ देत.

थंडी: आपल्या हिशोबाने आहे. मेच्या शेवटी दुपारी १८-२० डिग्री म्हणतात पण सकाळी ८-१० असतं आणि धबधब्यापाशी वाऱ्याने तुषार अंगावर आले की हुडहुडीच भरते, ते पाणी बर्फासारखंच गार असतं. स्वेटर, कानटोपी, पायात मोजे हवेत. साडी नेसायची असेल तर नेसू दे पण वरून ते प्लास्टिकचं घोंगतं येतं आणि खालचे निऱ्यांचे काठ चिंब होतात, मी दुसऱ्या दिवशी सरळ पंजाबी ड्रेस घातला. चपला नको, बूट हवेत, आणि गाडीत कोरडे मोजे ठेवायचे.

बोट गुडघ्यांना अजिबात कठीण नाही. प्रॉस्पेक्ट पॉइंटचा जो मनोरा आहे त्यातल्या लिफ्टने खाली धक्क्यापर्यंत जाता येतं. बोटीत वरच्या मजल्यावर सगळी धावतात, तू आईला खालच्या डेकवर मागच्या बाजूला कठड्याला धरून उभी कर, तिथून सगळं दिसतं आणि धक्काबुक्की नाही. फेरी वीसेक मिनिटांची. हॉर्सशूच्या पोटात बोट जाऊन थांबते ना तेव्हा तिन्ही बाजूंनी नुसतं पांढरं, शेजारच्याने ओरडलेलंही ऐकू येत नाही. आमच्या ह्यांनी बोटीतून उतरल्यावर एकच वाक्य उच्चारलं, "पैसे वसूल." ह्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

केव्ह ऑफ द विंड्स मात्र पायऱ्या आहेत, लाकडी, ओल्या. मी पहिल्या पुलापर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले, मुलं वर जाऊन आली. तसंही करता येतं, सगळंच चढायची सक्ती नाही. ते लोक घसरणार नाहीत अशा चपला देतात, त्या घरी न्यायच्या.

खायला घरून न्या. दशम्या, चटणी, दहीभात. तसं तिथे अमेरिकेच्या बाजूला भारतीय हॉटेलं इतकी आहेत की आपण लोणावळ्याला आलोय का वाटतं, पण चवीचं मी बोलत नाही.

एडिसनकर_स्नेहा

आजी, तुम्हाला साष्टांग! आईला तुमची पोस्ट जशीच्या तशी वाचून दाखवली, निऱ्यांचं ऐकून ती ड्रेस शिवायला टाकतेय. आणि बाबांना तो कराराचा भाग सांगितला तर ते म्हणाले, "म्हणजे धरणातून आवर्तन सोडतात तसंच की," आणि आता त्यांना धबधब्यापेक्षा ते दरवाजे बघायचेत. जोगला पण वर लिंगनमक्की धरण आहे ना, तिथलं पाणी सोडलेलं त्यांनी पाहिलंय, त्यामुळे आता सारखं जोग किती उंच आणि हा किती उंच चाललंय.

मेमोरियल डे कॅन्सल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवार-बुधवार बघतोय. कॅनडाचा व्हिसा या वेळी जमणार नाही असं दिसतंय, नवरा म्हणतो आणखी कागदपत्रं नकोत. मग अमेरिकेच्या बाजूने दोन दिवस काय करायचं? की एका दिवसात होतं?

बफेलो_बफेलो

उंचीत जोगसमोर नायगारा कुठेच नाही हे बाबांना आधीच कबूल करून टाका, जोग २५३ मीटर आणि हॉर्सशू जेमतेम ५७. रुंदी बघा म्हणावं, आणि बारा महिने पडतो ते बघा म्हणावं.

मिसिसागाकर, विंगेत उभं राहिलं की नट हाताच्या अंतरावर दिसतो हे विसरताय तुम्ही. अमेरिकन फॉल्सचं पाणी कड्यावरून खाली वळतं ती जागा तीन-चार फुटांवरून बघायची तर अमेरिकेतच यावं लागतं, तुमच्याकडून दिसतं ते पोस्टकार्ड. व्हिसा नाही म्हणून कुणी रडू नये एवढंच माझं म्हणणं.

स्नेहा, पहिल्या दिवशी दुपारी पोचाल, हॉटेलात सामान टाकून थोडं पडा आणि संध्याकाळी निघा. जूनमध्ये सूर्य नऊला जरा कमी असताना मावळतो हे आईबाबांना आधी सांगा नाहीतर साडेसातला जेवून झोपायची तयारी करतील आणि दिवे राहतील. दिवे बघायला प्रॉस्पेक्ट पॉइंट बरा. दहाच्या आत बघून घ्या, नंतर पाणी कमी करतात ते वर आलंच आहे.

दुसऱ्या दिवशी लवकर, नऊच्या आत गोट आयलंडवर गाडी नेऊन लावा. हे बेट दोन धबधब्यांच्या मधोमध आहे, गाडी वरपर्यंत जाते, पार्कला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे पडतात. तिथून टेरापिन पॉइंट, म्हणजे हॉर्सशूचा काठ, थोडं चालून येतो आणि रस्ता चांगला आहे. आपल्या बाजूने इंद्रधनुष्य सकाळी दिसतं, सूर्य पूर्वेला पाठीशी असतो म्हणून, तेव्हा दुपारपर्यंत लोळत बसू नका. मग थ्री सिस्टर्स बेटं, तिथे धबधबा नाही, कड्याच्या आधी नदी दगडांवरून उसळत येते ते अगदी पायाशी दिसतं आणि गर्दी निम्मी पण नसते, माझ्या मते आख्ख्या पार्कातली सगळ्यात भारी जागा आणि लोक नेमकी तीच सोडतात. बाबांचे दरवाजे पण त्या बाजूने नदीकडे बघितलं की लांबवर दिसतील. लूना आयलंड छोटंसं आहे, दोन्ही बाजूंना पाणी पडतं. बेटावर टेस्लाचा पुतळा आहे, त्याच्या मांडीवर बसून फोटो काढायची पद्धत आहे, आईला चढवू नका. बोट त्यानंतर. पार्कात फिरणारी ट्रॉली आहे, पाय दुखले तर तिच्यात बसा.

सीगल पक्षी या दिवसांत शेकड्यांनी असतात, खालच्या खडकांवर त्यांची घरटी असतात, वास येतो आणि हातातला खाऊ पळवतात. दशम्या गाडीत बसून खा.

जेनेसीकाठचा

परतीच्या वाटेवर वॉटकिन्स ग्लेन घ्या असं सगळे सांगतील. जागा सुंदर आहे, एका घळीत १९ धबधबे, पण आठशेच्या वर पायऱ्या आहेत, आईला खालच्या दारापाशी पहिला टप्पा दाखवून बाहेर आणा. त्यापेक्षा लेचवर्थ करा, तिथे गाडीतून उतरून कठड्याशी गेलं की धबधबा समोर.

मिसिसागाकर

पोस्टकार्ड काय, बरं बरं 😄 पुढच्या वर्षी व्हिसा काढून या, चहाला घर आहे.

स्नेहा, एक महत्त्वाचं, गाडी चालवणाऱ्याला सांगून ठेवा. नायगारा गावात शिरल्यावर रेनबो ब्रिज - कॅनडा अशा पाट्या लागतात आणि पार्कच्या अगदी शेजारीच पुलाची लेन आहे, जीपीएस बघण्याच्या नादात तिच्यात शिरलात तर मध्येच यू-टर्न नाही. व्हिसा नसलेल्यांना आमचे लोक परत पाठवतात, मग परत येताना अमेरिकन इमिग्रेशनच्या खिडकीवर चौघांनी उभं राहून सगळं समजावत बसायचं. पाटी दिसली की उलटीकडची लेन पकडा, आणि आईबाबांचे पासपोर्ट हॉटेलात न ठेवता जवळच ठेवा, सीमेलगतचा भाग आहे, कधी कधी विचारतात.