मदत हवी आहे: चकती भरपूर फिरते, पण समोरच्याला चावत नाही

नमस्कार मंडळी,

रोबॉटच्या लढतींसाठी बनवलेला, 1.36 किलोच्या, म्हणजे तीन पौंडी गटातला उभ्या चकतीचा रोबॉट आहे. दात खालून वर येतात, मागे दोन चाकं, पुढे जमिनीलगत दोन काटे. रोबॉट सरळ धावतो, वळतो, उलटला तर पुन्हा उभाही राहतो. अडचण शस्त्राची आहे.

सध्याची जुळणी अशी. चकती माइल्ड स्टीलची, 4 मिमी जाड, व्यास 100 मिमी, दोन दात, हबसकट वजन साधारण 200 ग्रॅम. मोटर 1400 केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला 1400 फेरे) आउटरनर, चकती थेट तिच्या बेलवर, म्हणजे बाहेरच्या फिरत्या कवचावर. बॅटरी 3 सेलची लिपो. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, ड्रोनचा, 35 अँपिअरचा. टॅकोमीटरवर वेग मिनिटाला 14,000 फेरे दिसतो.

भरीव चकती धरून हिशेब केला तर ऊर्जा 270 जूलच्या आसपास येते आणि दाताच्या टोकाचा वेग ताशी 264 किलोमीटर. कागदावर हे भारी वाटतं. प्रत्यक्षात समोरचा रोबॉट काट्यांवर चढतो, चकतीला भिडतो, ठिणग्यांचा फवारा उडतो आणि तो सुखरूप बाजूला होतो. हवेत उडणं सोडाच, जागचा धड उचललाही जात नाही. शिवाय कधी खरोखरच जोरात बसला, की त्यानंतर चकती नुसती थरथरते, पुन्हा वेग घेत नाही. एकदा ईएससीही गेला.

आता 4 सेलची बॅटरी लावायचा विचार आहे. मोटर आणि ईएससी दोन्ही 4 सेल झेलतात. हिशेबाने 18,600 फेरे आणि 475 जूलच्या आसपास ऊर्जा मिळायला हवी. हा मार्ग बरोबर आहे का? की आधी चकतीचं पोलाद बदलू? की मोटर बाजूला घेऊन बेल्टवर जाऊ? तिन्ही एकदम करायला वजनही नाही आणि वेळही नाही. जाणकारांनी सांगावं.

---

प्रतिसाद

4 सेलचा विचार सोडा. आधी एक सांगा, ठिणग्या पांढऱ्या होत्या की पिवळ्या?

---

धागाकर्ता

लख्ख पांढऱ्या. का हो?

---

प्रतिसाद (वर रंग विचारणारा मीच)

पांढऱ्या म्हणजे समोर टायटॅनियम होतं आणि तुमची चकती त्यावर कानशीसारखी घासत होती. पिवळसर-नारिंगी असत्या तर पोलाद झिजत होतं असं म्हणालो असतो, बहुधा तुमचंच. ॲल्युमिनियम ठिणग्या देत नाही. दोन्ही प्रकारांत निदान एकच, दात आत शिरत नाहीये.

हे का होतं ते बघा. एक दात गेल्यावर दुसरा येईपर्यंत समोरचा रोबॉट जेवढा आत सरकतो, तेवढाच घास दाताला मिळतो. दोन रोबॉट एकमेकांकडे सेकंदाला अडीच मीटरने येतायत असं धरू. तुमचे 14,000 फेरे म्हणजे सेकंदाला 233, दोन दात म्हणून 467 वेळा दात समोरून जातो. अडीच मीटर भागिले 467, म्हणजे 5.4 मिलिमीटर. हे जास्तीत जास्त, तेही समोरासमोर पूर्ण वेगाने धडक झाली तर. समोरचा मागे सरत असेल किंवा तुम्ही जवळपास उभे असाल तर मिलिमीटरभर. आणि तिरक्या गुळगुळीत पत्र्यावर मिलिमीटरभर घास म्हणजे काहीच नाही.

आता 4 सेल लावा. 18,600 फेऱ्यांवर तोच घास 4 मिलिमीटरवर येतो. ऊर्जा पावणेदोन पट झाली, पण ती समोरच्यात उतरवायचा रस्ता अरुंद झाला. दातातून जे समोरच्यात शिरत नाही ते चकतीतच राहतं. तुमचे 270 जूल आजही चकतीतच फिरून मोटरबरोबर थंड होतायत.

फुकटचा प्रयोग सांगतो. काहीही न बदलता थ्रॉटल मर्यादित करा, 60 टक्क्यांच्या आसपास, आणि टॅकोमीटरवर 8,400 फेरे जुळवा. ऊर्जा शंभर जूलच्या खाली येईल, घास मात्र 9 मिलिमीटरच्या घरात जाईल. टेस्ट बॉक्समध्ये ॲल्युमिनियमच्या वजनदार ठोकळ्यावर चालवत न्या आणि दोन्ही वेगांनी काय होतं ते पाहा. मी पैज लावायला तयार आहे की कमी वेगात ठोकळा लांब जाईल.

प्रयोग जमला तर पुढची चकती एका दाताची करा. 9,000 फेऱ्यांवर एका दाताला 16 मिलिमीटरच्या वर घास मिळतो. वजन कडेकडे न्या, कारण तेवढ्याच ग्रॅममध्ये भरीव चकतीपेक्षा कड्याचं जडत्व दुप्पट असतं. अशा चकतीत साधारण 130 जूल साठतील, आताच्या निम्मे. पण ते पोहोचतील.

आणि दाताची उंची घासापेक्षा कमी ठेवू नका. 16 मिलिमीटरचा घास आणि 6 मिलिमीटरचा दात असेल तर समोरचा पत्रा चकतीच्या कडेवरच टेकतो.

---

प्रतिसाद

वरच्या हिशेबाशी सहमत, पण थरथरण्याचं कारण वेगळं आहे आणि ते आधी शोधा. नाहीतर नवी चकतीही तशीच थरथरेल.

चकती थेट बेलवर असली की प्रत्येक दणका बेल, चुंबक आणि मोटरचा बारीक शाफ्ट सोसतात. चुंबकाचा डिंक सुटतो, एखादं चुंबक अर्धा मिलिमीटर सरकतं आणि स्टेटरला (आतल्या न फिरणाऱ्या भागाला) घासायला लागतं. किंवा बेल किंचित अंडाकृती होते. किंवा शाफ्टच्या मागच्या टोकाची क्लिप निघते आणि बेल पुढे सरकते. मोटर उघडून आतून भिंग लावून बघा, चुंबकांवर चकचकीत घासल्याची रेघ आहे का.

मोटर न उघडता करायची चाचणी अशी. बॅटरी काढा, मोटर ईएससीपासून सोडवा. तीन वायरींपैकी दोन एकमेकींना जोडून चकती हाताने फिरवा (हातमोजा घालून, दात धारदार असतात). विरोध जाणवला पाहिजे. मग दुसरी जोडी, मग तिसरी. तिन्हींत सारखाच विरोध असेल तर गुंडाळी ठीक. दोन जोड्यांत हलकं फिरलं तर त्या दोन्हींत असलेली वायर आतून तुटली आहे. थेट मोटरवरच्या शस्त्रात हे सर्रास होतं, कारण वायर जिथे स्टेटरमधून बाहेर येते तिथेच हिसके बसतात.

बेल्टवर जायचं तर माझं मत आहे, जा. चकती स्वतःच्या जाड, न फिरणाऱ्या शाफ्टवर, म्हणजे डेड शाफ्टवर. 12.9 ग्रेडचा शोल्डर बोल्ट दोन्ही बाजूच्या भिंतींमधून आरपार गेला की तोच चौकटीला आधारही देतो. आत बॉल बेअरिंगपेक्षा ब्राँझचा बुश किंवा नीडल बेअरिंग घ्या. छोट्या बॉल बेअरिंगमधल्या गोळ्या धक्क्याने रिंगमध्ये खळगे पाडतात आणि मग चकती खडखडत फिरते. दणका बसला की बेल्ट क्षणभर घसरतो, मोटरला झटका जात नाही. मोठा तोटा एकच, बेल्ट उघडा राहिला तर समोरच्याचा दात त्यावरच येतो. तो भिंतीच्या आत घ्या.

---

धागाकर्ता

वायरींची चाचणी केली. एका जोडीत चांगला विरोध, उरलेल्या दोन्हींत जवळजवळ नाही. म्हणजे मोटर गेली हे नक्की. थ्रॉटलचा प्रयोग नवीन मोटर बसवून करतो.

बेल्टचं पटलं. पण एक शंका. कडेला वजन नेलं तर वळताना रोबॉट एका चाकावर उचलला जाईल का? आताही पूर्ण वेगात वळलो की एक बाजू हवेत जाते.

---

प्रतिसाद

ते जायरोस्कोपचं बळ. चकतीचं जडत्व, तिचा फिरण्याचा वेग आणि रोबॉटचा वळण्याचा वेग यांचा गुणाकार करा. तो रोबॉटचं वजन गुणिले दोन चाकांमधलं निम्मं अंतर यापेक्षा जास्त झाला की एक चाक सुटतं. चाकांमधलं अंतर 150 मिमी धरलं तर तुम्हाला साधारण 1 न्यूटन-मीटरची मुभा आहे. आताच्या चकतीसाठी पूर्ण गिरकी 2.3 सेकंदांपेक्षा लवकर घेतली की चाक उचललं जाणार. 4 सेलवर हाच आकडा 3 सेकंदांवर जातो, म्हणजे लढतीच्या मध्यावर नाच. 9,000 फेऱ्यांच्या कडेला जड चकतीला मात्र 1.8 सेकंद. कडेला वजन नेलं तरी वेग उतरल्यामुळे एकूण फायदाच आहे.

---

प्रतिसाद

ईएससीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

तुमचा ईएससी बहुधा अडकलेल्या चकतीमुळे गेला. शस्त्र समोरच्यात रुतलं, ट्रान्समीटरवरची थ्रॉटलची काठी मात्र तुम्ही पूर्ण वरच ठेवली. थांबलेल्या मोटरला उलट दाब (व्होल्टेज) तयार होत नाही, करंट फक्त गुंडाळीच्या रोधाने अडवलेला असतो. 3 वरून 4 सेलवर गेलात की तो करंट एक तृतीयांशाने वाढतो आणि उष्णता पावणेदोन पटीच्या वर. चकती थांबलेली दिसली की काठी खाली, ही सवय हाताला लागली पाहिजे.

सेटिंगमध्ये सुरुवातीची ताकद वाढवा, डीमॅग कॉम्पेन्सेशन (मोटरशी जुळलेली लय सुटू न देणारी सोय) वरच्या पातळीवर ठेवा. बॅटरीच्या वायरींवर ईएससीच्या अगदी जवळ लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावा. आणि ब्रेक बंद करा. ड्रोनचे ईएससी थ्रॉटल सोडला की पंख्याला जोरात ब्रेक लावतात. 200 ग्रॅमच्या चकतीला तसा ब्रेक लावला की सगळी ऊर्जा उलटी ईएससीत येते.

---

प्रतिसाद

ब्रेक सरसकट बंद करायला सांगू नका. बऱ्याच नियमावलींत वीज तोडल्यावर शस्त्र 60 सेकंदांत पूर्ण थांबलं पाहिजे असं असतं. थेट मोटरवरची चकती चांगल्या बेअरिंगवर बराच वेळ फिरत राहते. बेल्ट असेल तर घर्षणाने थांबते, मग ब्रेक नको. नसेल तर सर्वात सौम्य पातळीवर ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. टोकाच्या वेगाचीही मर्यादा बघून घ्या, बॅटलबॉट्स या अमेरिकी स्पर्धेत ती ताशी 250 मैल आहे. तुम्ही त्यापासून लांब आहात, पण 4 सेलवर ताशी 350 किलोमीटर झालं असतं, म्हणजे 220 मैलांच्या जवळ.

रिसीव्हरचा सिग्नल तुटला की शस्त्र बंद झालं पाहिजे, ट्रान्समीटर बंद करून तपासा. चकती फिरवायची ती पॉलिकार्बोनेटच्या बंद पेटीतच, आणि पेटीबाहेर असताना दातांत लॉक. नट-बोल्टना थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणूनचा डिंक) लावाल तर तो पॉलिकार्बोनेटवर सांडू देऊ नका, त्याने ते तडकतं.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: 3 सेलच, बेल्ट, डेड शाफ्ट, ब्राँझ बुश, एका दाताची चकती.

दोन प्रश्न उरलेत. पोलाद कोणतं? आणि नवी चकती कापून येईपर्यंत जुन्या चकतीचा एक दात ग्राइंडरने उडवून ती चालवली तर?

---

प्रतिसाद (घासाचा हिशेब मांडणारा)

जुनीचा दात उडवू नका. समजा दात 6 ग्रॅमचा आहे आणि मध्यापासून 48 मिलिमीटरवर. तो गेला की 9,000 फेऱ्यांवर दुसऱ्या बाजूला सुमारे 256 न्यूटनची ओढ राहते, म्हणजे 26 किलो, सेकंदाला 150 वेळा दिशा बदलत. बुश टिकणार नाही आणि काटेही जमिनीवर राहणार नाहीत. समोर बोल्ट लावून तोल साधायचा मोह होईल, तोही टाळा. सुटला तर गोळीच. जुनी चकती दोन दातांचीच, कमी थ्रॉटलवर वापरा.

पोलाद एआर500 घ्या. कडकपणा 500 ब्रिनेलच्या आसपास, दात गोलावत नाही आणि दणक्याने तुकडेही पडत नाहीत. एस7 टूल स्टील नीट हीट ट्रीटमेंट केलं तर आणखी सरस, पण ती ट्रीटमेंट चुकली की दात मोडतो. पहिल्या चकतीसाठी हा उद्योग नको. कापून घ्या वॉटरजेटने. प्लाझ्माने कापलं तर कडेचा भाग तापून नरम पडतो, आणि नेमकी तीच कड तुमचा दात आहे. सगळी भोकं ड्रॉइंगमध्येच द्या, साध्या हायस्पीड ड्रिलने एआर500 मध्ये भोक पाडायला गेलात तर ड्रिलच संपतील. दाताला नंतर कड काढायची असेल तर ग्राइंडर थोडा थोडा लावून पाण्यात बुडवत राहा. पोलाद निळं दिसलं की तिथला कडकपणा गेला. सुरीसारखी धार नकोच, ती पहिल्याच धडकेत दुमडते. काटकोनी कड पुरते.

तोल ड्रॉइंगमध्येच साधा. दाताच्या समोर कडेला रुंद भाग ठेवायचा, पण त्याची त्रिज्या दातापेक्षा निदान घासाइतकी लहान, नाहीतर तोच दुसरा दात होऊन समोरच्याला ढकलून देतो. कॅडमध्ये वस्तुमानाचा मध्य भोकाच्या मध्यावर येईपर्यंत तो भाग कमी-जास्त करा. चकती आली की भोकात घट्ट बसणारी सरळ सळई घाला आणि ती दोन समतल पट्ट्यांच्या कडांवर ठेवा. जड बाजू आपोआप खाली येते. तिथली कड दातापासून लांब थोडी थोडी घासत जा. चकती कशीही सोडली तरी स्थिर राहिली की मगच बेल्ट चढवा.