नववीत मार्क एकदम का घसरले? खासगी शाळेतल्या मुलांच्या पालकांना विचारायचंय

राजापूरची_आई:
नमस्कार, मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत गावच्या झेडपी शाळेत होती, पाचवीपासून खासगी इंग्लिश मिडियमला घातली. आठवीत ७८ टक्के होते आणि आता पहिल्या सत्रात ५४, गणित-सायन्स तर काठावर. फी भरताना आमची ओढाताण होते ते वेगळंच. ह्यांना वाटतं मोबाईल, सासूबाई म्हणतात अभ्यासाला बसतच नाही, पण मी रोज बघते ती रात्री अकरापर्यंत पुस्तक घेऊन बसलेली असते. विचारलं की गप्प. क्लास लावू की शाळाच बदलू? काही सुचत नाहीये.

निवृत्त_शिक्षक:
ताई, क्लासचं नंतर बघा, आधी शाळेत जाऊन तिचे तपासलेले पेपर मागून घ्या. किती चुकलं त्यापेक्षा काय सोडलंय ते बघायचं. गाळलेल्या जागा, जोड्या बरोबर आणि 'शास्त्रीय कारणे द्या' कोरं असेल तर पोरीला विषय येतोय पण भाषा अडवतेय. आठवीपर्यंत पाठांतरावर निभावतं, नववीला बीजगणित-भूमितीचे ४०-४० चे वेगळे पेपर आले की तिथे स्वतःच्या वाक्यात लिहावं लागतं. मी तीसेक वर्षं शिकवलं, हुशार पोरं इथेच अडकलेली पाहिलीत. आपला कोकण बोर्ड दहावीला राज्यात पहिला येतो, २०२४ ला निकाल ९९.०१ टक्के होता, त्याचा अभिमान मलाही आहे पण तो आकडा ३५ मार्कांच्या वर गेलेल्यांचा आहे, कोणाला किती समजलं ते त्यात दिसत नाही.

कुडाळकर:
गणिताला सर आहेत का तेही विचारा. आमच्या मुलाच्या वेळी विनाअनुदानित शाळा, पगार तुटपुंजे, एकाच वर्षात दोन सर सोडून गेले आणि मधले दोन महिने पीटीचे सर येऊन फळ्यावर पुस्तकातलं उतरवून देत होते. इमारत नवीन, डिजिटल बोर्ड, सगळं होतं, माणूस नव्हता. आम्हाला कळलं ते रिझल्ट लागल्यावर, कारण मुलं घरी सांगत नाहीत आणि पालकसभेत आम्ही फक्त मार्क विचारून यायचो.

बारावीवाली:
काकी, तुमची मुलगी एसटीने जाते का? मी जायचे. पावणेसातची गाडी पकडायला साडेपाचला उठायचं, घरी यायला संध्याकाळचे सव्वासहा, पावसात तर ओल्या कपड्यांवरच पहिले दोन तास. अकरापर्यंत जागून साडेपाचला उठत असेल तर वर्गात काही डोक्यात जात नाही, बसलेली असते एवढंच. आणि वर्गात मी कधी शंका विचारली नाही कारण प्रश्न इंग्लिशमध्ये जुळवता यायचा नाही, चुकलं की मुलं बघायची. मला फरक पडला तो एका गोष्टीने, बालभारतीच्या साइटवर मराठी मिडियमची पुस्तकं फुकट मिळतात, धडे तेच असतात, आधी मराठीत वाचायचे मग इंग्लिश. तिला ओरडू नका प्लीज.

राजापूरची_आई:
सगळ्यांचे आभार. काल पेपर बघितले. भूमितीत आकृती पट्टीने इतकी नीट काढलीय, 'गिव्हन' लिहिलंय, खाली 'प्रूफ' लिहून खोडलंय आणि पुढे पान कोरं. घरी आल्यावर म्हटलं हे मला मराठीत सांग, तर तिने अंगणात खराट्याचे हीर मांडून त्रिकोण केला, एक हीर पुढे वाढवला आणि बाहेरचा कोन आतल्या लांबच्या दोन कोनांच्या बेरजेएवढा कसा ते मला, सातवी शिकलेल्या बाईला, समजावून दिलं. मला रडूच आलं. गणिताच्या मॅडम ऑगस्टमध्येच सोडून गेल्यात हेही शाळेत गेल्यावर कळलं. एसटीच आहे, सहा चाळीसची. कालपासून साडेनऊला दिवा बंद केलाय आणि पुस्तक डाऊनलोड केलंय. सर, दुसऱ्या सत्रापर्यंत जमेल ना?

निवृत्त_शिक्षक:
जमेल. रोज एकच प्रमेय. आधी तुम्हाला तोंडी मराठीत सांगू दे, मग लगेच तेच इंग्लिशमध्ये तीन-चार ओळीत लिहू दे, स्पेलिंग चुकलं तरी खोडायचं नाही. आणि नवीन गणित शिक्षक कधी येणार ते मुख्याध्यापकांना लेखी विचारा, चार पालकांच्या सह्या घेऊन. पंधरा दिवसांनी इथेच कळवा.