मदत हवी आहे : दुकानदार नसलेलं दुकान चालू ठेवावं का?

नमस्कार मंडळी. मी सातवीची वर्गशिक्षिका. जूनमध्ये मुलांनीच वर्गात दुकान मांडलं: वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शेजारी पैसे टाकायचा डबा. विकायला कुणी बसत नाही. तीन महिने हिशेब चोख लागला. गेल्या दोन आठवड्यांत मात्र ८५ रुपये कमी भरले. मुख्याध्यापक म्हणतात, बंद करा. काही पालक म्हणतात, दप्तरं तपासा. मला दोन्ही पटत नाही. झडती घेतली तर मुलं 'सापडायचं नाही' एवढंच शिकतील. शिवाय ज्याने पैसे टाकले नाहीत, त्याच्याकडे ते होते तरी का?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, आपली कामं आपण करत. समता ती मुलं जगूनच शिकली. प्रामाणिकपणाही तसाच जगून शिकता येतो, असं मला वाटतं. म्हणून हे दुकान मोडायला माझं मन होत नाही.

असा उपक्रम कुणी चालवला आहे का? तूट वर्गासमोर कोणत्या शब्दांत मांडावी? उधारीची वही ठेवली तर गरजू मुलाला लाज वाटेल का? शनिवारी वर्गसभा आहे, त्याआधी कळवलंत तर फार बरं होईल.