हार्डली, बेअरली, रेअरली, सेल्डम : 'नाही' दडलेली क्रियाविशेषणे

'हार्डली', 'स्कार्सली', 'बेअरली', 'रेअरली' आणि 'सेल्डम' या सर्वांना मराठीत 'क्वचित' हा एकच प्रतिशब्द सरसकट लावला जातो, परंतु त्यांतील पहिले तीन शब्द मुळात प्रमाणाचे आहेत आणि शेवटचे दोन वारंवारतेचे. 'इट रेअरली रेन्स हिअर' म्हणजे येथे पाऊस क्वचितच पडतो. पडला तर तो धो धो पडतो की कसे, याविषयी वाक्य काहीच सांगत नाही. 'इट हार्डली रेन्ड' म्हणजे मात्र पाऊस झाला तो केवळ नावापुरता. 'हार्डली'ला वारंवारतेचा अर्थ हवा असेल तर सहसा 'एव्हर' जोडावे लागते, आणि 'हार्डली एव्हर' हे 'रेअरली'च्या जवळ जाऊन बसते.

प्रमाणाच्या तीन शब्दांतही रोख सारखा नाही. 'ही बेअरली पास्ड' या वाक्यातला विद्यार्थी काठावर का होईना, उत्तीर्ण झालेला असतो. आपला 'जेमतेम' येथे चपखल बसतो. 'हार्डली'चा कल नकाराकडे आहे, इतका की पुष्कळदा तो सौम्य शब्दांत दिलेला स्पष्ट नकारच असतो. 'धिस इज हार्डली द टाइम टु जोक' याचा अर्थ 'ही काही थट्टेची वेळ नव्हे', आणि 'हार्डली सरप्रायझिंग' म्हणजे आपले 'त्यात नवल ते काय!' अशा ठिकाणी 'बेअरली' चालत नाही. 'स्कार्सली' चालतो, पण तो अधिक ग्रांथिक वाटतो. 'हार्ड'शी 'हार्डली'चे नाते व्युत्पत्तीपुरतेच उरले आहे, त्यामुळे 'ही वर्क्स हार्ड' ही स्तुती ठरते आणि 'ही हार्डली वर्क्स' ही तक्रार.

मराठी माणसाची खरी अडचण नकाराची आहे, असे मला वाटते. 'सहसा' आणि 'फारसा' हे शब्द आपल्याकडे बहुधा 'नाही'ला सोबत घेऊनच येतात ('तो फारसा बोलत नाही'), म्हणून इंग्रजीतही 'ही हार्डली डझन्ट स्पीक' असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु 'हार्डली'च्या पोटात तो नकार आधीच आहे, त्यामुळे क्रियापद होकारार्थी ठेवावे लागते. याच कारणाने त्याच्याबरोबर 'सम' न येता 'एनी' येतो, आणि वाक्याअखेरचा पुच्छप्रश्नही होकारार्थी असतो: 'ही हार्डली स्पीक्स, डझ ही?'

हे शब्द जोर देण्यासाठी वाक्यारंभी आले की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते, हाही त्या दडलेल्या नकाराचाच परिणाम होय. 'हार्डली हॅड आय सॅट डाऊन व्हेन द फोन रँग' हे वाक्य मराठीत 'मी बसतो न बसतो तोच फोन वाजला' असे होईल, आणि गंमत म्हणजे येथे आपणही 'न' वापरतोच. शालेय परीक्षांमुळे पाठ झालेल्या 'नो सूनर'नंतर मात्र 'दॅन' येतो, कारण 'सूनर' हे तुलनावाचक रूप आहे. 'हार्डली' आणि 'स्कार्सली' यांना प्रमाण लेखनात 'व्हेन' (किंवा 'बिफोर') हवा, 'दॅन' नव्हे.

'सेल्डम'विषयी फार सांगण्यासारखे नाही. तो जर्मन 'झेल्टन'चा सगोत्र असा जुना शब्द आहे, अर्थाने 'रेअरली'सारखाच, परंतु रोजच्या बोलण्यात कमी ऐकू येणारा. 'सेल्डम, इफ एव्हर' हा प्रयोग निर्दोष आहे. 'सेल्डम एव्हर' किंवा 'रेअरली एव्हर' बोलण्यात आढळतात, पण काटेकोर लेखनात त्यांतला 'एव्हर' गाळलेला बरा.