हार्ट रेट वाढला तर आउटपुट वाढायला पाहिजे ना, मग बीपी का पडतो?

उद्या_टेस्ट_आहे
फर्स्ट इयर नर्सिंग. कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं ते) म्हणजे हार्ट रेट गुणिले स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्याला किती रक्त) हे पाठ आहे, 72 गुणिले 70 मिली म्हणजे मिनिटाला साधारण 5 लिटर. मग रेट 160 झाला तर 11 लिटरच्या वर जायला पाहिजे ना? पण वॉर्डात टॅकीकार्डियाचा (हार्ट रेट फार वाढलेला) पेशंट बघितला तर बीपी कमी, हातपाय गार, चक्कर येतेय म्हणत होता. फॉर्म्युल्यात गडबड आहे की माझ्या डोक्यात?

आयसीयू_नाइट
फॉर्म्युला बरोबर आहे, फक्त तू ते 70 तसंच धरून ठेवलंस. स्ट्रोक व्हॉल्यूम फिक्स नसतो गं/रे. बघ, 75 च्या रेटला एक सायकल 0.8 सेकंदाची, त्यात सिस्टोल (हृदय आकुंचन पावतं तो वेळ) साधारण 0.3 आणि डायस्टोल (सैल पडतं तो वेळ) 0.5. 150 ला अख्खी सायकलच 0.4 ची झाली, आणि सिस्टोल थोडासाच आखडतो, खरी काटछाट होते डायस्टोलची. आणि व्हेंट्रिकल (खालचा, रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) भरतं कधी तर डायस्टोलमध्येच! नळाखाली धरलेला तांब्या भरायच्या आधीच काढून घेतल्यासारखं, मग ओतणार काय. प्रीलोड (आकुंचनाआधी व्हेंट्रिकल किती भरलंय ते) कमी, म्हणून स्ट्रोक व्हॉल्यूम कमी, आणि एका मर्यादेनंतर रेट वाढूनही गुणाकार खालीच येतो.

दुसरी गोष्ट कोणी नीट सांगत नाही. डाव्या व्हेंट्रिकलच्या स्नायूला कोरोनरीतून (हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून) रक्त मुख्यतः डायस्टोलमध्येच मिळतं, कारण सिस्टोलमध्ये स्नायू आवळला की आतल्या वाहिन्या दाबल्या जातात. म्हणजे टॅकीकार्डियात काम वाढलं आणि पुरवठ्याची वेळ घटली, म्हणून अशा पेशंटला छातीत दुखतंय का ते विचारायचंच.

सहज_विचारतो
मग पळताना 160 होतो तेव्हा कोणी चक्कर येऊन पडत नाही, ते कसं?

आयसीयू_नाइट
भारी प्रश्न. तिथं सिम्पथेटिक नर्व्हसमुळे हृदय जोरात आकुंचन पावतं आणि रिलॅक्सही पटकन होतं, पायांचे स्नायू शिरांमधलं रक्त वर ढकलतात, त्यामुळे कमी वेळातही भरणं चांगलं होतं. शिवाय आधी एट्रिया (वरचे कप्पे) मग व्हेंट्रिकल हा आकुंचनाचा क्रम शाबूत असतो.

जुनी_सिस्टर
क्रमावरून सांगते, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तोच जातो. एट्रिया नुसते थरथरतात, शेवटचा जो धक्का भरण्यात साधारण 20 ते 30 टक्के भर घालतो तो मिळत नाही. त्यात काही ठोके इतके लवकर येतात की रक्त जेमतेम बाहेर पडतं आणि मनगटापर्यंत पल्स पोचतच नाही. एपेक्सवर (छातीवर स्टेथो लावून) 140, रेडियलला (मनगटावर) 110, म्हणजे पल्स डेफिसिट 30. दोघींनी एकाच वेळी, पूर्ण मिनिट मोजायचं, 15 सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, इर्रेग्युलर रिदमला ते चालत नाही.

उद्या_टेस्ट_आहे
ओह, म्हणून मॉनिटरवर ईसीजीचा रेट जास्त आणि ऑक्सिमीटरचा कमी दिसत होता का?

जुनी_सिस्टर
असू शकतं, ऑक्सिमीटर बोटातली पल्स मोजतो. पण तुझ्या पेशंटचे हात गार होते म्हणालीस, तेव्हा आधी प्रोब नीट बसलाय का, वेव्हफॉर्म चांगला येतोय का ते बघ, आणि स्टेथो लावून एपेक्स स्वतः मोज.