काळाराम सत्याग्रहाचं भित्तिचित्र: ऑइलपेंट नको

नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांनी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू केला; त्या दिवसाच्या भित्तिचित्रासाठी इथे कुणीतरी ऑइलपेंट सुचवलाय. जुन्या नाशकातल्या चुन्याच्या भिंतीवर तो टिकायचा नाही. ओल आत कोंडते, फुगे येतात, पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा चुन्याची सफेदीच घ्या (विरवलेला चुना पाण्यात कालवून), रंगाला गेरू (तांबडी माती), पिवडी (पिवळी माती), काजळी. भिंत खरवडून भिजवा, पातळ ३ हात द्या, मध्ये एकेक दिवस. जाड हात तडकतो, रंगद्रव्य जास्त झालं तर हाताला लागतं. आणि चष्मा घाला, चुना डोळा जाळतो!

३० फुटांवरून वाचायचं तर अक्षर किमान ३ इंची.

मजकूर १९३० वर थांबवू नका राव. सत्याग्रह पाच वर्षं रेटूनही मंदिराचं दार उघडलं नाही, आणि मग १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा झाली: हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असं आंबेडकरांनी जाहीर केलं. तीही भिंतीवर हवीच.